सुझेट्रिजिन : मेंदूवर काम न करणारे वेदनाशामक आणि त्याला मिळालेल्या मान्यतेचा नेमका अर्थ

अर्कवेध (धागाकर्ती)

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ३० जानेवारी २०२५ रोजी सुझेट्रिजिन या औषधाला मान्यता दिली. बॉस्टनची व्हर्टेक्स ही कंपनी ते ‘जर्नाव्हक्स’ या नावाने विकते. तेव्हापासून ‘अफूला पर्याय सापडला’, ‘व्यसन न लावणारे मॉर्फिन आले’ अशा स्वरूपाचा मजकूर मराठीतही फिरताना दिसतो. मी औषधशास्त्र शिकवते. विद्यार्थी हा मजकूर घेऊन येतात, आणि औषधाचे कार्य समजावून सांगितले की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग ते नक्की कशावर द्यायचे? त्या दोन्ही प्रश्नांसाठी हा धागा काढत आहे.

आधी कार्य पाहू. त्वचेला किंवा स्नायूला इजा झाली की तिथल्या चेतातंतूंच्या टोकांवर विद्युतस्पंद निर्माण होतो, तो तंतूमधून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथून मेंदूकडे पोहोचतो. मेंदूत पोहोचल्यावरच त्याची ‘वेदना’ होते. हा स्पंद पुढे सरकतो तो चेतापेशीच्या आवरणातील सोडियम चॅनेलमधून सोडियमचे आयन आत घुसल्यामुळे. या चॅनेलचे आपल्या शरीरात नऊ प्रकार आहेत आणि त्यांना एनएव्ही १.१ ते १.९ असे क्रमांक दिलेले आहेत. १.४ कंकालस्नायूंत असतो, १.५ हृदयात, १.१, १.२ आणि १.६ मुख्यतः मेंदूत व मज्जारज्जूत, १.७, १.८ आणि १.९ मात्र प्रामुख्याने शरीरभर पसरलेल्या, संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूंमध्ये आढळतात.

दात काढताना दिले जाणारे लिडोकेन सोडियम चॅनेलच अडवते, परंतु ते प्रकारांत भेद करत नाही. म्हणून ते हिरडीत टोचता येते, पण शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी गोळीच्या रूपाने सर्व शरीरात पोहोचवता येत नाही, कारण तसे केल्यास हृदय आणि मेंदू यांचेही चॅनेल त्याच्या तावडीत सापडतील. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे वेगळ्याच ठिकाणी काम करतात : इजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रिया ती मंदावतात. अफूवर्गीय औषधे मज्जारज्जू व मेंदूतील ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना, चिकटतात. वेदना शमते त्याच मार्गाने गुंगी, बद्धकोष्ठ, श्वसन मंदावणे आणि व्यसनही येते.

सुझेट्रिजिन फक्त एनएव्ही १.८ अडवते. इतर आठ प्रकारांच्या तुलनेत या एका प्रकाराकडे त्याचा ओढा ३१,००० पटींहून अधिक असल्याचे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. असा काटेकोरपणा साधला तो जागेच्या निवडीमुळे. चॅनेलमधून सोडियम जाण्याची जी नळी असते ती नऊही प्रकारांत बरीच सारखी आहे, त्यामुळे तिला बूच मारणारे औषध सगळीकडेच बूच मारते. सुझेट्रिजिन त्या नळीत शिरत नाही. विद्युतदाबातील बदल ओळखणारे जे चार भाग चॅनेलला असतात त्यांपैकी दुसऱ्या भागाला ते चिकटते आणि चॅनेल मिटलेल्या अवस्थेतच राहील असे पाहते. हा भाग प्रत्येक प्रकारात पुरेसा वेगळा असतो.

या चॅनेलचा शोध जुना आहे. पफर माशाचे विष, टेट्रोडोटॉक्सिन, बहुतेक सोडियम चॅनेल बंद पाडते, पण वेदना वाहणाऱ्या काही चेतापेशींत ते दिल्यानंतरही सोडियमचा प्रवाह चालू राहतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना ठाऊक होते. तो प्रवाह ज्या चॅनेलमुळे वाहतो त्याचे जनुक १९९६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन वुड यांच्या गटाने वेगळे केले. तेच आजचे एनएव्ही १.८. मात्र औषधकंपन्यांचे लक्ष पुढे त्याच्या भावंडाकडे, १.७ कडे, वळले आणि त्याला कारणही तसेच होते. उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणारी मुले आढळली. त्यांच्यातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवत असे. दंडातून सुऱ्या आरपार घालत असे, निखाऱ्यांवरून चालत असे. शास्त्रज्ञांना त्याची तपासणी करता आली नाही. चौदावा वाढदिवस येण्यापूर्वीच छपरावरून उडी मारून तो मरण पावला होता. त्याच्या नात्यातील मुलांच्या रक्तावरून २००६ मध्ये सिद्ध झाले की त्यांचे १.७ चे जनुक निकामी आहे. त्यानंतरची अनेक वर्षे १.७ अडवणारी औषधे बनवण्यात गेली आणि माणसांवरील चाचण्यांत ती एकामागून एक पडली. १.८ चे यश या अपयशांच्या मागून आलेले आहे.

आता वापर. मान्यतेतील शब्द असे आहेत : प्रौढांमधील मध्यम ते तीव्र स्वरूपाची, अल्पकालीन वेदना. जुनाट वेदना त्यात नाही, कर्करोगाची वेदना त्यात नाही, लहान मुले त्यात नाहीत. पहिली मात्रा १०० मिलिग्रॅम, पुढे दर १२ तासांनी ५० मिलिग्रॅम. १४ दिवसांपलीकडचा वापर अभ्यासलेला नाही, असे माहितीपत्रकातच लिहिलेले आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. या रेणूमागचे विज्ञान फार देखणे आहे, आणि रुग्णाला त्यातून मिळणारा दिलासा त्या मानाने बेताचा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बातम्यांत पहिली येते आणि दुसरी राहून जाते.

शंकासूर

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदात ‘बेताचा’ हा शब्द आपण टाकून दिलात आणि आकडे दिले नाहीत. कशाच्या तुलनेत बेताचा? आणि दिलासा बेताचा असेल तर मान्यता कशी मिळाली?

अर्कवेध

शंकासूर, आकडे मुद्दाम मागे ठेवले होते, कारण ते जरा उलगडून सांगावे लागतात.

मुख्य चाचण्या दोन झाल्या. एकीत पोटावरची सैल त्वचा व चरबी काढण्याची शस्त्रक्रिया झालेले १,११८ जण होते, दुसरीत पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेले हाड काढलेले १,०७३ जण. दोन्हींत तीन गट केले : सुझेट्रिजिन, प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी), आणि हायड्रोकोडोन ५ मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही अमेरिकेत सर्रास दिली जाणारी अफूवर्गीय जोडगोळी. रुग्ण ठराविक वेळी आपल्या दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक अंक देत. मूळच्या अंकापेक्षा प्रत्येक वेळी दुखणे किती उतरले हे काढून ४८ तासांची वेळेनुसार बेरीज केली गेली. पोटाच्या चाचणीत या बेरजेत सुझेट्रिजिन प्लासिबोच्या ४८.४ ने पुढे होते, पायाच्या चाचणीत २९.३ ने. वाचताना हे आकडे भरघोस वाटतात, परंतु ती ४८ तासांची बेरीज आहे. ४८ ने भागल्यास दहाच्या पट्टीवर सरासरी फरक पोटाच्या चाचणीत सुमारे १ अंकाचा आणि पायाच्या चाचणीत सुमारे ०.६ अंकाचा निघतो. ‘बेताचा’ म्हटले ते यामुळे.

यात एक गोष्ट औषधाच्या बाजूने सांगायला हवी. सर्वच गटांना दुखणे असह्य झाल्यास आयब्युप्रोफेन घेण्याची मुभा होती, त्यामुळे प्लासिबो गटही अगदीच वाऱ्यावर सोडलेला नव्हता. जाणवण्याजोगा, म्हणजे दोन अंकांचा, उतार पडायला पोटाच्या चाचणीत सुझेट्रिजिन गटाला मध्यकाने २ तास लागले आणि प्लासिबो गटाला ८ तास. पायाच्या चाचणीत ते ४ तास आणि ८ तास असे होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री या फरकाला किंमत असते.

जोडगोळीशी केलेल्या तुलनेत मात्र सुझेट्रिजिन सरस ठरले नाही. पोटाच्या चाचणीत दोन्ही जवळपास बरोबरीत राहिली आणि पायाच्या चाचणीत जोडगोळीच पुढे होती.

भूलवाला

मी नागपुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. शंकासूर यांच्या ‘मान्यता कशी मिळाली’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत १९६२ च्या कायदादुरुस्तीपासून औषध परिणामकारक असल्याचा ठोस पुरावा नियंत्रित चाचण्यांतून द्यावा लागतो. हा पुरावा प्लासिबोशी तुलना करून दिला तरी चालतो. बाजारात आधीपासून असलेल्या औषधापेक्षा नवे औषध सरस असलेच पाहिजे, अशी अट नाही. मान्यता म्हणजे ‘हे काम करते आणि याचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत’ एवढेच विधान. ‘हे अधिक चांगले आहे’ असे विधान तीत नसते, आणि वाचणारे नेमके तेच गृहीत धरतात.

अर्कवेध ताईंच्या ‘बेताचा दिलासा’ या निष्कर्षाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. शस्त्रक्रियेनंतरची वेदना आम्ही कधीच एका औषधाने हाताळत नाही. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, चालत असेल तर एखादे सूजविरोधी औषध, शक्य असेल तिथे चेतातंतूभोवती रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा ब्लॉक, आणि एवढ्यावरही भागले नाही तर ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषध किंवा त्याहून तीव्र औषध, अशी ही मांडणी असते. वृद्ध रुग्णाचे क्रिएटिनिन वाढलेले असते, म्हणजे मूत्रपिंड कमकुवत असते, त्याला डायक्लोफेनॅक देता येत नाही. ट्रॅमाडॉल दिले की तो रात्रभर ओकतो आणि प्रत्येक उमाळ्याला टाक्यांवर ताण येतो. अशा रुग्णासाठी माझ्या हातात आज फारसे काही उरत नाही. तिथे दहाच्या पट्टीवर एक अंक कमी करणारी, गुंगी न आणणारी, श्वास मंद न करणारी गोळी मला हवी आहे. चाचण्यांतही मळमळ आणि उलट्या जोडगोळीच्या गटापेक्षा कमी होत्या. सुझेट्रिजिनची जागा अफूवर्गीय औषधाच्या आधीच्या पायरीवर आहे, त्याच्या बदली नव्हे.

शंकासूर

भूलवाला डॉक्टर, मुद्दा पटला, परंतु आपण सांगता तसा रुग्ण, म्हणजे वृद्ध, मूत्रपिंड कमकुवत, इतर पाच औषधे चालू, त्या दोन चाचण्यांत होता का?

भूलवाला

रास्त प्रश्न. नव्हता म्हटले तरी चालेल. पोटाची शस्त्रक्रिया हौसेने करून घेणारे आणि पायाचे हाड काढून घेणारे लोक एरवी धडधाकट असतात, आणि दोन्ही चाचण्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वेदनाशामकांसाठी ही दोनच प्रारूपे पुन्हा पुन्हा का वापरतात, तर पोटाचे दुखणे मऊ ऊतींचे आणि पायाचे दुखणे हाडाचे, शस्त्रक्रिया ठरावीक पद्धतीची, आणि भूल किंवा ब्लॉकचा परिणाम ओसरला की सगळ्यांना साधारण एकाच सुमारास दुखू लागते, म्हणून मोजमाप नेटके होते. नेटक्या मोजमापाची किंमत ही, की मला समोर दिसणारा रुग्ण त्यात सापडत नाही.

निरगुडी

मला बरीच वर्षे सायटिकाचा त्रास आहे. कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते, आणि त्यासाठी घेतो त्या प्रीगाबालिन या औषधाने झोप फार येते. चेतातंतूतली कळच अडवणारे औषध आले हे वाचून साहजिकच आशा वाटली. हे औषध माझ्यासारख्यांना लागू पडेल का? मूळ लेखात जुनाट वेदना त्यात नाही असे लिहिले आहे, पण कार्य पाहता ते चालायला हवे, असे मला वाटते.

अर्कवेध

निरगुडी, आपला तर्क व्हर्टेक्सनेही केला होता आणि तो तपासूनही पाहिला. कंबरेतील चेतामूळ दबल्यामुळे होणाऱ्या वेदनेवर, म्हणजे आपल्याच विकारावर, मधल्या टप्प्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये, मान्यतेच्या सुमारे दीड महिना आधी, जाहीर झाले. १२ आठवड्यांनंतर सुझेट्रिजिन घेणाऱ्यांचे दुखणे दहाच्या पट्टीवर सरासरी २.०२ अंकांनी उतरले होते. प्लासिबो घेणाऱ्यांचे १.९८ अंकांनी. म्हणजे दोन्ही गटांना बरे वाटले आणि औषधाचा म्हणून वेगळा वाटा दिसला नाही. जुनाट दुखण्याच्या चाचण्यांत प्लासिबोचा प्रतिसाद नेहमीच मोठा असतो. दुखणे आपोआप चढउतार करते, आणि माणूस चाचणीत शिरतो तो बहुधा ते फार वाढलेले असताना. कंपनीने दोष प्लासिबोच्या या मोठ्या प्रतिसादाला दिला. तो युक्तिवाद अगदी निराधार नाही, पण त्यामुळे औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

मधुमेहामुळे पायांची आग होते त्या विकारावरही चाचणी झाली. तिथे वेदना दोन अंकांहून थोडी अधिक उतरली, आणि तुलनेला ठेवलेल्या प्रीगाबालिनच्या गटातही जवळपास तेवढीच उतरली. परंतु त्या चाचणीत तुलनेसाठी प्लासिबोचा गट नव्हता. सायटिकाच्या चाचणीतले आकडे शेजारी ठेवून पाहिले की या उणिवेचे वजन कळते.

कार्यावरून परिणाम ठरवता येत नाही तो इथे. शस्त्रक्रियेच्या जखमेतून येणारा स्पंद टोकाकडून निघतो. जुनाट दुखण्यात कालांतराने मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच अधिक संवेदनशील होतात, आणि टोकाकडचा एक चॅनेल मिटवला तरी पुढची यंत्रणा धडधडत राहू शकते. आपल्या बाबतीत नेमके काय घडते आहे हे मी सांगू शकत नाही. प्रीगाबालिनने झोप येत असल्यास मात्रा आणि वेळ बदलण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

पेठेतला

शेतात सहा विहिरींवर सहा मोटारी चालू आहेत आणि आपल्याला एकाच पाटाचे पाणी थांबवायचे आहे, तर लिडोकेन म्हणजे डीपीचा फ्यूज काढणे आणि सुझेट्रिजिन म्हणजे नेमकी एक मोटार बंद करणे, असे मी समजलो. बरोबर आहे का?

याच निमित्ताने एक माहिती. व्हर्टेक्सच्या मुख्याधिकारी रेश्मा केवलरमानी यांचा जन्म मुंबईचा. १९८८ मध्ये त्या कुटुंबासह अमेरिकेत गेल्या, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ झाल्या आणि एप्रिल २०२० पासून कंपनीची धुरा सांभाळत आहेत.

अर्कवेध

बरोबर आहे, एवढेच की त्या पाटाला १.७ आणि १.९ या मोटारींचेही पाणी येते. १.७ लहानसहान उद्दीपन वाढवून स्पंदाला सुरुवात करून देतो; १.८ त्या स्पंदाच्या चढत्या भागातील बहुतांश प्रवाह वाहतो आणि स्पंद पुन्हा पुन्हा उठू देतो. म्हणून १.८ मिटला तरी वेदना पूर्ण थांबत नाही, तिची तीव्रता आणि वारंवारता घटते. दिलासा मर्यादित असण्याचे एक कारण हेही असावे, असे माझे मत आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहीत आहे. माझ्या पत्नीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकांनी हीच गोळी लिहून दिली होती, म्हणून प्रत्यक्षातले काही सांगतो. ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीची जाहीर किंमत साडेपंधरा डॉलर आहे. पहिल्या दिवशी तीन आणि पुढचे सहा दिवस रोज दोन, अशा १५ गोळ्यांचे २३२.५० डॉलर होतात. विमा कंपनीने पूर्वमंजुरी मागितली आणि ती मिळेपर्यंत दीड दिवस गेला. तीव्र दुखण्याचे दोन दिवस कोणते, हे ज्याने नियम केला त्याने कधी पाहिले असेल असे वाटत नाही. तोवर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनवर निभावले. त्याच दुकानात हायड्रोकोडोनची जोडगोळी काही डॉलरांत आणि विनाविलंब मिळाली असती.

औषध घेतल्यावर पत्नीला बरे वाटले. किती श्रेय गोळीचे आणि किती तिसऱ्या दिवसाचे, हे मला सांगता येणार नाही. औषधविक्रेत्याने मात्र दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या : पहिली मात्रा उपाशीपोटी, जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायची, आणि औषध चालू असेपर्यंत ग्रेपफ्रूट खायचे नाही, त्याचा रसही प्यायचा नाही. यामागचे कारण कोणी सांगेल का?

भूलवाला

पोटात अन्न असल्यास पहिल्या मात्रेचे शोषण लांबते आणि गुण यायला उशीर होतो. पाणी, कोरा चहा असे पातळ पदार्थ चालतात. पुढच्या मात्रांना ही अट नाही. गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

ग्रेपफ्रूटचे कारण यकृतात आणि आतड्यात आहे. सीवायपी३ए नावाचे विकर (एन्झाइम) हे औषध मोडते आणि ग्रेपफ्रूट त्या विकराला रोखते. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसे कोणी खात नाही, पण क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक ही औषधे तेच करतात आणि कितीतरी जोरात करतात. ती चालू असताना सुझेट्रिजिन देणे पूर्णपणे वर्ज्य आहे. याच्या उलट दिशेचे उदाहरण भारतासाठी अधिक महत्त्वाचे आहे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधे त्याच विकराला चेव आणतात, त्यामुळे सुझेट्रिजिन रक्तात टिकतच नाही आणि घेऊनही उपयोग होत नाही. यकृताचा विकार तीव्र असेल तर ते टाळायचे आणि मध्यम असेल तर मात्रा बदलायची. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी त्यांतील प्रोजेस्टिन हे संप्रेरक कोणते हे डॉक्टरांना दाखवावे, कारण लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरइथिन्ड्रोन सोडून इतर प्रोजेस्टिनांचा परिणाम घटू शकतो आणि मग दुसरे साधन जोडीला लागते. चाचण्यांत दिसलेले दुष्परिणाम म्हणजे खाज, पुरळ, स्नायूंत पेटके आणि रक्तातील क्रिएटिन फॉस्फोकायनेज या स्नायूंमधील विकराची वाढ.

शंकासूर

इथपर्यंत ‘व्यसन लागत नाही’ हे सर्वांनी मान्य करून टाकले आहे. ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीला डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याच्या माहितीपत्रकातही असे वाक्य होते की औषध हळूहळू शोषले जात असल्याने त्याच्या गैरवापराची शक्यता कमी होते असे मानले जाते. त्या एका वाक्याच्या बळावर विक्रेते डॉक्टरांकडे गेले, आणि पुढे पसरलेले व्यसन अमेरिकेने भोगले. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाचेही तसेच : १९९९ मध्ये मान्यता, आणि २००४ मध्ये हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यामुळे माघार. या वेळी काय वेगळे आहे?

अर्कवेध

दोन्ही उदाहरणे योग्य आहेत, पण ती एकाच प्रकारची नाहीत.

ऑक्सिकॉन्टिनमधले ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीयच होते. वेगळी होती ती फक्त गोळीतून औषध सुटण्याची गती, आणि व्यसन न लागण्याचा दावा त्या गतीवर उभा होता. गोळी कुटली की दावा संपला. सुझेट्रिजिन ज्या चॅनेलवर काम करते तो माणसाच्या मेंदूत आढळत नाही आणि अफूवर्गीय ग्राहींना ते चिकटत नाही. हा युक्तिवाद रेणूच्या कार्यावरच उभा आहे, म्हणून तो अधिक भक्कम आहे. अमेरिकेत ते नियंत्रित पदार्थांच्या अनुसूचीत घातलेले नाही.

रोफेकॉक्सिबचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. तो धोका दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत उघड झाला. सुझेट्रिजिनच्या मुख्य चाचण्या ४८ तासांच्या होत्या, आणि १४ दिवसांपर्यंतच्या वापराचा वेगळा अभ्यास २५६ जणांवर झाला. यातून नेहमी दिसणारे दुष्परिणाम कळतात. दहा हजारांत एखाद्याला होणारा अपाय यातून कळूच शकत नाही, तो औषध बाजारात आल्यावरच दिसतो. म्हणून नव्या औषधाच्या पहिल्या काही वर्षांत माहितीपत्रकाबाहेरचा वापर टाळावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगते आणि निरगुडी यांनाही तेच सांगेन.

औषधालय

कोल्हापुरात माझे औषधांचे दुकान आहे. अमेरिकेत मुले असलेले पालक मोबाईलवर नाव दाखवून ‘ही गोळी मागवून द्या’ म्हणतात, म्हणून नियमांचे सांगतो. भारतात नव्या औषधाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता लागते आणि त्यासाठी २०१९ च्या नियमांनुसार साधारणपणे स्थानिक चाचणी करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेल्या आदेशाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांनी मान्य केलेल्या औषधांच्या पाच वर्गांना या चाचणीतून सूट देता येते. त्यांतला एक वर्ग म्हणजे प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सुधारणा घडवणारी औषधे. वरचे आकडे वाचल्यावर सुझेट्रिजिन त्या वर्गात बसवणे अवघड जाईल, असे मला वाटते.

स्वतःच्या वापरासाठी परदेशातून औषध आणायचे झाल्यास नमुना १२-अ मध्ये अर्ज करून १२-ब चा परवाना घेता येतो. पण सात दिवसांच्या दुखण्यासाठी परवाना येईपर्यंत जखम भरून निघेल.

दुकानदार म्हणून आणखी एक निरीक्षण. ट्रॅमाडॉल अनुसूची एच-१ मध्ये आहे. त्याची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले, त्यामुळे बरेच दुकानदार ते ठेवायलाच नाखूश असतात. डायक्लोफेनॅक मात्र चिठ्ठी लागणारे औषध असूनही लोक गोळ्याबिस्किटांसारखे मागतात आणि महिनोन्महिने घेतात. अमेरिकेला भीती अफूची आहे. आपल्याकडे वेदनाशामकांनी मूत्रपिंड गमावलेले रुग्ण डायलिसिसच्या खोलीत दिसतात.

पेठेतला

यावर थोडी भर घालतो. मंदसौर आणि नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, तरीही कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला आपल्याकडे मॉर्फिन मिळणे दुरापास्त होते, कारण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे रुग्णालयांना एकेका बाटलीसाठी अनेक परवाने काढावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने ते सुलभ केले, पण डॉक्टरांच्या मनातली भीती तेवढ्या वेगाने गेली नाही. ‘अफूला पर्याय सापडला’ हा मथळा भारतात त्या भीतीला खतपाणी घालेल, अशी मला काळजी वाटते.

भूलवाला

आपली काळजी योग्य आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची जागा सुझेट्रिजिन घेऊ शकत नाही. त्यासाठी ते तपासलेलेही नाही आणि मान्यही नाही. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि ‘नवीन बिनव्यसनी गोळी येईपर्यंत थांबू’ असा विचार चालू असेल, तर कृपया थांबू नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी परिहार उपचारांचा, म्हणजे वेदना व त्रास कमी करण्याच्या उपचारांचा, स्वतंत्र विभाग आहे; तिथे मॉर्फिन मोजून, वाढवत-उतरवत, सुरक्षितपणे दिले जाते.

एडिसनकर

सर्वांचे आभार. एक शेवटचे विचारतो. पत्नीच्या पाच गोळ्या उरल्या आहेत. पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहे. वडिलांचे गुडघे संधिवाताने कायम दुखतात आणि डायक्लोफेनॅकमुळे त्यांच्या पोटात आग पडते. त्यांना त्या गोळ्या देऊन पाहाव्यात का? त्यांना दोन वर्षांपूर्वी झटके आले होते, तेव्हापासून कार्बामॅझेपिन चालू आहे, एवढे सोडले तर प्रकृती चांगली आहे.

अर्कवेध

देऊ नयेत. गुडघ्याचा संधिवात हे जुनाट दुखणे आहे आणि या औषधाला त्यासाठी मान्यता नाही. पाच गोळ्या म्हणजे जेमतेम दोन दिवसांची बेगमी. आणि भूलवाला डॉक्टरांनी वर सांगितल्याप्रमाणे कार्बामॅझेपिन चालू असताना ते रक्तात टिकणार नाही. डायक्लोफेनॅकने पोटात आग पडते हे त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवा. गुडघ्यापुरते दुखणे असेल तर लावायचे जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे दोन्ही उपाय तपासलेले आहेत, आणि त्यांचा पोटाला त्रास होत नाही. उरलेल्या गोळ्या तिकडच्याच औषधदुकानात जुनी औषधे परत घेण्याची पेटी असेल तर तिच्यात टाकाव्यात.